उन्हाळा लागला की लाईट बिल डबल? मिक्सर-इंडक्शनला बोलण्याआधी फ्रिज तपासा

आमच्याकडे जळगावला लागोपाठ तीन वर्षं एकच गोष्ट होत होती. फेब्रुवारीत १३८ युनिट, एप्रिलला २८७, मे महिन्याला ३१२. बिल हातात आलं की सासरे म्हणजे आबा ओट्यावर बसून चष्मा लावून वाचणार आणि "इतलं बिल कसं उनं बेटा?" (इतकं बिल कसं आलं) म्हणून मला विचारणार, आणि मग सगळ्या घराचा डोळा किचनवर. सासूबाई म्हणजे माईंनी पहिल्या वर्षी इंडक्शन माळ्यावर टाकायला लावलं, दुसऱ्या वर्षी मायक्रोवेव्हची पिन काढून ठेवली, तिसऱ्या वर्षी तर शेवभाजीचं वाटण मिक्सरऐवजी पाट्यावर करायचं ठरलं. बिल काही उतरलं नाही. हेच ज्यांच्याकडे चालू असेल त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, कारण यात माझी तीन वर्षं आणि मेकॅनिकचे दोनदा पैसे गेलेत, तुमचे जाऊ नयेत.

पहिली चूक आपण सगळेच करतो ती म्हणजे जे मशीन जास्त आवाज करतं किंवा ज्याच्यावर मोठा वॅटचा आकडा छापलाय तेच युनिट खातं असं धरून चालतो. वॅट हा अर्धाच हिशोब आहे, ते मशीन दिवसात किती वेळ चालतं हा दुसरा अर्धा. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की १ युनिट, बस. आमचा मिक्सर ७५० वॅटचा, चटणी-वाटण-ताक सगळं धरून दिवसाला १२ मिनिटं चालतो, म्हणजे ०.१५ युनिट, महिन्याला साडेचार. पाट्यावर वाटून माईंचे खांदे दुखले आणि वाचले किती तर साडेचार युनिट! घरघंटी साधारण १००० वॅट ओढते, पण अर्ध्या तासात कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आठवडाभराचं दळून होतं, म्हणजे आठवड्याला अर्धा युनिट. मायक्रोवेव्हचं एक लक्षात ठेवा, पुढे ८०० वॅट लिहिलेलं असतं ती अन्न तापवायची ताकद, तो लाईनवरून ओढतो साधारण १२०० वॅट, मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात असतं ते. तरीपण दिवसाला १० मिनिटं म्हणजे ०.२ युनिट. आरओ तर ४० वॅटच्या आसपास, दोन तास चालला तरी ०.०८. माझ्या जाऊबाईंनी भरिताची वांगी एकदा ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत भाजली होती, ४० मिनिटं, तेव्हा मात्र पाऊण ते एक युनिट एका भरिताला गेला (आणि पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजल्याचा वास आला नाही तो नाहीच).

इंडक्शन यातलं खरं खाणारं. आमचं २००० वॅटचं आहे पण कमी-जास्त करत सरासरी १२०० धरा, रोज ४० मिनिटं, ०.८ युनिट, महिन्याला २४. हा आकडा छोटा नाही, पण आमचं बिल वाढत होतं पावणेदोनशे युनिटने आणि ते पण इंडक्शन माळ्यावर असताना. म्हणजे चोर दुसराच होता.

आता तपासायचं कसं. सगळ्यात आधी बिल हातात घेऊन मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि किती दिवसांचं बिल आहे ते बघा. घर बंद होतं किंवा रीडिंग मिळालं नाही असा शेरा असेल तर ते सरासरीचं बिल असतं, त्याच्यावरून काहीच ठरवू नका. ३० दिवसांऐवजी ३७-३८ दिवसांचं असेल तर वाढीतला बराच भाग तिथंच निघून जातो. मीटरवर आकडे एकामागून एक बदलत राहतात, तारीख, व्होल्टेज, मॅक्झिमम डिमांड वगैरे, त्यात ज्याच्यासमोर केडब्ल्यूएच येतं तेच युनिट, बाकीचं सोडा. त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा. आबा आता रोज सकाळी ७ ला कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहितात आणि खरं सांगते, यातूनच निम्मं कळलं.

मग मीटरवरचा छोटा लाल दिवा. तो ब्लिंक करतो तो उगाच नाही, प्रत्येक ब्लिंक म्हणजे ठरलेली वीज. मीटरवर इंग्रजीत बारीक छापलेलं असतं, आमच्यावर ३२०० इम्पल्स पर केडब्ल्यूएच आहे, कुणाकडे १६००, कुणाकडे ६४०० असतं. म्हणजे आमच्या मीटरवर ३२०० वेळा ब्लिंक झालं की १ युनिट. एका मिनिटात किती ब्लिंक होतात ते मोजा आणि ३२०० वाल्या मीटरला त्याला १८.७५ ने गुणा, त्या क्षणाला घरात किती वॅट चालू आहेत ते येतं. १६०० वाल्याला ३७.५ ने गुणा. इंडक्शनसारखं मोठं काही चालू असेल तर ब्लिंक इतके भराभर होतात की मोजता येत नाही, मग उलटं करा, २० ब्लिंकला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून बघा आणि २२५०० ला त्या सेकंदांनी भागा (हे पण ३२०० साठीच). आमच्याकडे ११ सेकंद आले, म्हणजे २००० च्या जरा वर, इंडक्शनवर छापलेल्याशी जुळलं. आबांना हे इतकं आवडलं की दोन दिवस ते जिन्याखाली स्टूल टाकून मीटरसमोरच बसून होते, "मीटर पयी राहिनं ना!" (मीटर पळतंय ना) करत.

एक सांगायचं राहिलं, मीटरला हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, सील असतं. नुसतं बघायचं.

ब्लिंक मोजता यायला लागले की सगळे एमसीबी, म्हणजे मीटरनंतरच्या बोर्डातले खाली-वर करायचे स्विच, खाली करा. दिवा ब्लिंक व्हायचा थांबला पाहिजे. काही मीटरवर लोड नसला की दिवा सतत पेटलेला राहतो, त्याला ब्लिंक समजू नका. पण सगळं बंद करूनही ब्लिंक चालूच असेल, किंवा मीटरवर अर्थचा वेगळा दिवा लागलेला असेल, तर वायरिंगमध्ये कुठंतरी लिकेज आहे नाहीतर तुमच्या लाईनवर आणखी कुणीतरी आहे, मग पुढचं काही करत बसू नका, चांगल्या वायरमनला बोलवा, ते धोक्याचं पण आहे. आमच्याकडे ब्लिंक थांबला. मग एकेक एमसीबी वर केला. किचनचा वर केला, काहीच चालू नव्हतं फक्त फ्रिज, आणि मिनिटाला ८ ब्लिंक. म्हणजे १५० वॅट. तेव्हा मला वाटलं ठीक आहे, १५० वॅट म्हणजे काय, दोन पंखे. इथंच माझं चुकलं, कारण किती वेळ हा प्रश्न मी विचारलाच नाही.

तो प्रश्न सुटला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मी पोरांना घेऊन माहेरी अमळनेरला, आणि हे आबा-माईंना घेऊन धुळ्याला लग्नाला, म्हणजे घर पूर्ण बंद. निघताना संध्याकाळी ५ ला मी फ्रिज सोडून सगळं बंद केलं, आरओ, मायक्रोवेव्हची पिन, वायफाय, आणि इन्व्हर्टर पण (हा विसरू नका, नाहीतर बॅटरी चार्जिंगचे युनिट फ्रिजच्या नावावर जातात), आणि मीटरचा फोटो काढला, ४८१२.३. तिसऱ्या दिवशी दुपारी ३ ला परत आलो, आधी मीटर बघितला मग बॅगा आत घेतल्या. ४८१९.१. ४६ तासांत ६.८ युनिट, दार एकदाही न उघडता! भागाकार केला तर १४८ वॅट येतात, म्हणजे तेच ८ ब्लिंक, म्हणजे कंप्रेसर ४६ तासांत जवळपास थांबलाच नव्हता. फ्रिज चांगला असला की तो चालतो-थांबतो, चालतो-थांबतो, दिवसात निम्मा वेळसुद्धा चालायला नको. आमचा दिवसाला साडेतीन युनिट खात होता, महिन्याला १०५. दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाला २६५ युनिट लिहिलंय, म्हणजे दिवसाला पाऊणच्या आत. लेबलचा आकडा प्रयोगशाळेत ठरलेल्या तापमानाला, दार बंद ठेवून काढलेला असतो, आपल्याकडे ४५ डिग्रीत पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या किचनमध्ये तो येणार नाहीच, पण साडेतीन म्हणजे फारच झालं. जानेवारीच्या कालनिर्णयवरच्या आकड्यांवरून हिशोब लावला तेव्हा हाच फ्रिज हिवाळ्यात १.२ च्या आसपास होता. म्हणजे उन्हाळ्यात एकटा फ्रिज महिन्याला ६९ युनिट जास्त. त्यात कूलर, १८० वॅट, दिवसाला १४ तास, महिन्याला ७५ युनिट, आणि पंखे जास्त चालतात त्याचे ३० धरा. १३८ मध्ये हे सगळं मिळवा, ३१२ येतात की नाही बघा. ती बेरीज जुळली त्या रात्री मला खरंच छान झोप लागली.

मग हे तीन वर्षं कुणाला का कळलं नाही? कारण दुरुस्ती झाली असं दरवर्षी वाटायचं. मे च्या शेवटाला मेकॅनिक यायचा, हात लावून म्हणायचा गॅस कमी झालाय, गॅस भरायचा, पैसे घ्यायचा. आठ-पंधरा दिवसांत मृगाचा पाऊस पडायचा, हवा थंड व्हायची, कूलर बंद, बिल खाली. आम्ही म्हणायचो बरं झालं गॅस भरला. खरं म्हणजे बिल उतरवलं ते पावसाने. फ्रिजचा गॅस ही गाडीतल्या पेट्रोलसारखी संपणारी गोष्ट नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, लिकेज असल्याशिवाय कमी होत नाही, आणि लिकेज असेल तर ते शोधून बंद न करता नुसता भरला तर परत जाणारच. आणि गॅस खरंच गेला असता तर फ्रिजरमध्ये बर्फच नीट जमला नसता. आमच्याकडे तर बर्फाचा डोंगर व्हायचा. तुमच्याकडे मेकॅनिक गॅस भरायचा म्हणाला तर लिकेज कुठं आहे ते दाखव म्हणा, एवढं एकच विचारा.

खरं दुखणं दाराच्या रबरात होतं, गॅस्केट म्हणतात ते. खालच्या कोपऱ्यात रबर कडक होऊन वाकडं झालं होतं, वरून बघितलं तर अगदी चांगलं दिसायचं. तपासायचं असेल तर दहाची नोट दारात अर्धी आत अर्धी बाहेर धरून दार लावा आणि ओढा, अडखळत आली तर ठीक, सहज सुटली तर तिथं फट आहे. चारही बाजूंनी आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यांत करा. दुसरं, रात्री किचनचा लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च लावून फ्रिजमध्ये ठेवा, दार लावा आणि बाहेरून बघा. आमच्याकडे खालच्या कोपऱ्यातून उजेडाची अख्खी रेघ बाहेर येत होती. तेवढ्या फटीतून दिवसभर गरम दमट हवा आत जाते, तिचा ओलावा फ्रिजरवर बर्फ होऊन बसतो, बर्फाचा थर जाड झाला की थंडावा खाली उतरत नाही, आणि कंप्रेसर बिचारा पळतच राहतो. नुसतं तेलकट-चिकट झालेलं असेल तर कोमट पाण्यात साबण घेऊन पुसलं तरी परत बसतं, जरा वाकडं असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून हाताने सरळ करून बघा. आमचं त्याच्या पलीकडे गेलं होतं, नवीन बसवलं, साडेसहाशे रुपये.

सोबत बाकीचं पण केलं. फ्रिज मागे भिंतीला टेकवलेला होता, तो वीतभर पुढे ओढला. मागची जाळी म्हणजे जिथून फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो ती जागा, तिच्यावर फोडणीच्या तेलाचा आणि धुळीचा गोधडीसारखा थर होता, पिन काढून ब्रशने साफ केली. नवीन फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, त्यांच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, म्हणून ते बाजूने गरम लागतात, तर त्यांना बाजूने पण जागा सोडा आणि त्यावर कापडी कव्हर घालून लोंबवू नका. बर्फ डिफ्रॉस्ट करून काढला, सुरीने खरवडू नका कधीच, नळी फुटली तर मग खरंच गॅस जातो. पुढचे दोन पाय जरासे उंच केले की दार आपोआप लागतं, हे मला माहीतच नव्हतं. दीर इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडून सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर आणला आणि मे महिन्याच्या भर उन्हात, घरात सहा माणसं दार उघडतायत-लावतायत असं असताना, २४ तासांचा आकडा घेतला. १.६ युनिट.

आणि पंधरा दिवसांनी परत २.४! माझ्या डोक्याला हातच लागला. नोट लावून बघितली, रबर घट्ट. जाळी साफ. मग आत बघितलं तर नॉब ७ वर. पोरांनी थंड पाण्यासाठी आणि आइस्क्रीम पटकन व्हावं म्हणून फिरवला होता, आणि मला वाटतं दरवर्षीच फिरवत असणार. पुष्कळ घरांत असंच समजतात की उन्हाळा आला की नॉब वाढवायचा. नॉबवर आकडा मोठा म्हणजे आत जास्त गार, आणि ४५ डिग्रीच्या किचनमध्ये ७ वर ठेवला तर तेवढं गार होणं फ्रिजला जमतच नाही, म्हणून तो थांबतच नाही. ३ वर केला, तीन दिवसांनी परत १.६. पिण्याच्या पाण्याला आता माठ ठेवलाय, पोरं आधी रुसली पण आता तेच पितात. दुधाचं गरम पातेलं सरळ आत ठेवायची सवय पण बंद केली, आधी परातीत पाणी घेऊन त्यात निववायचं.

व्होल्टेजबद्दल पण विचारतात म्हणून सांगते. दुपारी आपल्याकडे लाईन डिम होते तेव्हा केटलसारख्या साध्या कॉईलच्या वस्तूंची ताकद फार पडते, २३० ची १८० झाली तर १५०० वॅटची केटल ९०० च्या थोडी वर एवढंच काम करते. पाणी उकळायला वेळ जास्त लागतो पण युनिट फारसे वाढत नाहीत, एक लिटर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट लागतो, लवकर उकळो की उशिरा, उशिरा झाल्यावर थोडी उष्णता हवेत जाते एवढंच. फ्रिजच्या कंप्रेसरला मात्र कमी व्होल्टेजचा त्रास होतो, सुरू व्हायलाच जड जातं, गरम होतो, तिथं स्टॅबिलायझर पाहिजेच. आणि इंडक्शन नेहमी १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावा, २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जुगाड करून लावलं तर पिन जळते, आमच्या शेजारच्या काकूंकडे सॉकेट वितळलंय.

इंडक्शन माळ्यावरून खाली आलं हेही सांगते. माईंना एकच हिशोब दाखवला. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते, पण शेगडीवर त्यातली साठेक टक्केच भांड्यात जाते, बाकी बाजूने निसटते. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर १२५-१३० युनिट लागतात. आपल्या बिलावरचा युनिटचा दर घ्या, सगळे आकार धरून, १३० ने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी लावून बघा. यात स्लॅब फार महत्त्वाचा. घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि ५०० च्या वर चौथा असे चढत जातात, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. ३०० ओलांडले म्हणजे सगळे ३१२ युनिट महाग लागतात असं आबांना वाटायचं, तसं नाही, फक्त वरचे १२ महाग लागतात. पण इंडक्शनचे २४ युनिट उन्हाळ्यात त्या महाग भागात जाऊन पडतात आणि हिवाळ्यात स्वस्त भागात राहतात. म्हणून आम्ही आता असं करतो की एप्रिल-मे मध्ये गॅस, पावसाळा लागला की सकाळचा चहा-दूध-भात इंडक्शनवर.

फ्रिज बारा वर्षांचा झालाय, नवीनच का नाही घेत असं सगळे म्हणतात. घेतला तर उन्हाळ्यात दिवसाला पाऊण-एक युनिट आणखी वाचेल, म्हणजे महिन्याला २५-३०, पण ते उन्हाळ्याचे चार महिने, बाकी वर्ष त्याच्या निम्मे. त्यात नव्या फ्रिजची किंमत निघायला कितीतरी वर्षं जातील, तर यंदा नाही. घेताना मात्र नुसते स्टार मोजायचे नाहीत, लेबलवर ते कोणत्या कालावधीसाठी आहे आणि वर्षाला किती युनिट हे दोन्ही बघायचं, कारण स्टारचे नियम मधूनमधून कडक करतात आणि जुन्या लेबलचा ५ स्टार नव्या हिशोबात खाली येतो.

गेल्या महिन्याचं बिल २४६ युनिटचं आलं. पुढच्या आखाजीला निघताना परत मीटरचा फोटो काढणार आहे, दिवसाला दोनच्या वर गेला तर मग दुकानात जाऊ.